माझ्या बाजूला ॲक्सिलरेटर नव्हता

श्री. अण्णा यांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून न पाठवता चारचौघांत लिहितोय, कारण तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही चहा सांगता आणि विषय उसाच्या दराकडे नेता. दोनदा अनुभव घेतलाय. तेव्हा नातीनं मोबाईलवर वाचायला घेतलं की गुपचूप ऐका. मध्येच उठून शटर ओढायला जायचं नाही.

ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर रेसर कसा झाला, असं लोक विचारतात. मी जिद्द, मेहनत असलं काहीतरी बोलून सुटका करून घेतो. खरं उत्तर सांगायचं तर आपल्या मारुती ८०० ची डावी सीट सांगावी लागते, आणि ती सीट माहीत असलेला माणूस तुमच्याशिवाय दुसरा नाही.

२००४ साली मी तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला आलो. दहावी पास, मोटार मेकॅनिकचं सर्टिफिकेट, लायसन्सला पाच वर्षं झालेली. शिकवणाऱ्याला नियमात जे लागतं ते सगळं होतं. फक्त शिकवता येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका काकूंवर ओरडलो, तर तुम्ही मला बाहेर बोलावून म्हणालात, ‘ती घाबरली म्हणून चुकली. आता तू ओरडलास म्हणून परत चुकणार. कोण शिकलं यातनं?’ नंतर मी आवाज चढवला नाही. क्लच सोडताना त्या काकू डोळे मिटायच्या, तरीही नाही.

उजवीकडे शिकाऊ, डावीकडे मी. माझ्या पायाशी दोनच पेडल, क्लच आणि ब्रेक. ॲक्सिलरेटर नाही, मास्तरला तो देऊन करायचं काय? सकाळी सहाच्या बॅचपासून रंकाळा, कळंबा रोड, हाफ क्लचसाठी टेंबलाईचा चढ. पुलाच्या शिरोलीला हायवे दिसला की नवख्याला मागं वळवायचं, पलीकडं न्यायचं नाही. तेरा वर्षं मी रोज सात-आठ तास दुसऱ्याची गाडी थांबवायचं काम केलं. उजवा पाय कायम ब्रेकच्या दोन बोटं वर. झोपेतसुद्धा दाबला जायचा, असं बायको सांगते.

वेगाचं वेड होतं ते टीव्हीवरचं. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला, तेव्हा ऑफिसमधल्या भिंतीवर, वाहतुकीच्या चिन्हांच्या तक्त्याशेजारी, मी त्याचा पेपरातला फोटो डकवला होता. जूनमध्ये इंडियानापोलिसला टायरच्या भानगडीत मिशेलिन टायरवाल्या चौदा गाड्या शर्यतीआधीची फेरी (फॉर्मेशन लॅप) करून थेट पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत गेल्या. शर्यतीला उरल्या सहा, त्यात नारायण चौथा. भारतीय ड्रायव्हरला फॉर्म्युला वनमध्ये मिळालेले ते पहिले गुण. स्कूलमधली पोरं हसायला लागली, सहात चौथा म्हणजे काय मोठं! तुम्ही पावतीपुस्तकातून मान वर न काढता म्हणालात, ‘त्या सहात आधी असायला लागतं की रे.’ तुम्हाला आठवणारही नाही. मी ते वाक्य पुढं कैक वर्षं खिशात घेऊन फिरलो.

आपल्या कोल्हापूरला वेगाची हौस नवी नाही. गावाजवळच कार्टिंगचा ट्रॅक, तिथं राष्ट्रीय फेऱ्याही झाल्यात, आठ-दहा वर्षांची पोरं हेल्मेट घालून सफाईनं वळणं घेतात. त्यातली काही पुढं परदेशातही जाऊन शर्यती करतात. तिथं जाळीबाहेर उभा राहिलो तेव्हा मी तिशी ओलांडली होती. या खेळात तिशी म्हणजे सुरुवात करायला फार उशिराचं वय. ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नाही, तुम्हाला सांगितली. तुम्ही हसला नाहीत. ‘खर्च किती?’ एवढंच विचारलंत.

खर्च! जो तो स्वप्नांबद्दल बोलतो, टायरच्या बिलाबद्दल कुणी बोलत नाही. रेसिंग स्कूलची फी, भारतीय मोटरस्पोर्ट महासंघाचं लायसन्स, त्यासाठी डॉक्टरचा दाखला, आग न पकडणारा सूट, हेल्मेट, मानेला धरून ठेवणारं हान्स, आणि एवढं करून गाडी आपली नाहीच. गाडी संघाची, एका शनिवार-रविवारचं भाडं भरायचं आणि ठोकली तर दुरुस्ती वेगळी. पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही तुमची. आईला ‘कंपनीचं ट्रेनिंग आहे’ म्हणून सांगितलंत तेही तुम्हीच. आयुष्यात तुम्ही बोललेलं मला माहीत असलेलं हे एकच खोटं, आणि तेही इतकं वाईट जमलं होतं की आईनं लगेच ओळखलं.

२०११ मध्ये, ग्रेटर नोएडाला पहिली इंडियन ग्रां प्री झाली त्याच वर्षी, मी बसनं बंगळूर आणि तिथून दुसऱ्या बसनं कोइम्बतूरला गेलो. कारी मोटर स्पीडवे, चेट्टीपाळयम. २.१ किलोमीटरचा छोटा ट्रॅक, एस. करिवर्धन यांच्या नावाचा. या माणसानं मारुतीचं इंजिन घालून इथल्या पोरांना परवडेल अशी एका सीटची रेसिंग गाडी बनवली होती. नारायणही आधी असल्याच गाडीत घडला. ऐकून मला उगाचच बरं वाटलं. दिवसातनं वीस वेळा बंद पाडून घ्यायचो ते इंजिनही मारुतीचंच की! फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी ‘ड्रायव्हिंग स्कूल प्रशिक्षक’ लिहिलं. शेजारच्या पोरानं वाचलं आणि विचारलं, ‘रेसिंग ड्रायव्हिंग स्कूल?’ मी म्हटलं, नाही, आठ दिवसांत लायसन्सवालं.

पुढची दोन वर्षं थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं काही घडलं नाही. सलून, म्हणजे साध्या बंद मोटारींच्या गटात जुनी मारुती एस्टीम, नंबर सातवा, आठवा, परत सातवा. एका संघानं आगाऊ पैसे घेतले आणि ऐनवेळी गाडी दुसऱ्याला दिली. रविवारी रात्री बस धरायची, सोमवार प्रवासात, मंगळवारी सहाच्या बॅचला हजर, ही तुमची अट. मधल्या दिवसांत माझी पोरं कोण शिकवायचं? गुडघ्याला पट्टा बांधून तुम्ही. साठी उलटलेला माणूस ८०० च्या डाव्या सीटवर दिवसाला सात बॅचेस घेत होता, हे मला स्कूलमधल्या दुसऱ्याकडून कळलं. पगार मात्र कधी कापला गेला नाही. हिशेबात चूक झाली असेल म्हणून मी विचारलं, तर तुम्ही चहा सांगितलात.

आणि मग २०१३ ला तुम्ही आलात. ‘तिरुपतीला जायचंच आहे, हरिप्रिया एक्सप्रेसनं जातो, बालाजी करतो, वाटेत तुझं बघतो.’ तिरुपतीच्या वाटेत इरुंगट्टुकोट्टई लागत नाही अण्णा, नकाशा मीही बघितलाय. चेन्नईबाहेरचा तो ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक, बारा वळणं, दुपारी डांबर तव्यासारखं. तुम्ही पांढरी टोपी घालून, भडंगाची पिशवी मांडीवर घेऊन पिटवरच्या गच्चीत बसला होतात. शर्यतीतलं तुम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. कोण पुढं, कोण मागं, किती फेऱ्या उरल्या, काही नाही. मी परत सातवा आलो. खाली येऊन तुम्ही म्हणालात:

‘तुझे लाल दिवे सगळ्यांच्या आधी लागतात.’

माझे इंजिनिअर, डेटाचे आलेख, वळणाआधीच्या अंतराच्या पाट्या, सगळ्यांनी हेच वेगवेगळ्या भाषेत सांगून झालं होतं. ब्रेक उशिरा मार. मी हो म्हणायचो आणि परत लवकर मारायचो. पण कारण कुणी सांगितलं नव्हतं. ते तुम्ही मला शिरपेरुंबुदूरच्या बसस्टॉपवर सांगितलंत, भडंग खाता खाता. ‘तू अजून डाव्या सीटवर बसतोयस लेका. दुसरा चुकणार म्हणून ब्रेक मारतोस. तिथं आत दुसरं कोण आहे?’

मे महिन्यात कारखान्याचं धुराडं बंद असतं. उसाच्या गाड्यांचं ते मोठं पटांगण मोकळं, आणि शेवटाला बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा ढीग. तुम्ही ओळखीनं परवानगी काढली होती. सकाळी सात वाजता तिथं ८०० उभी केलीत, दहाचा पाना घेतलात आणि डावीकडच्या दोन्ही पेडलची जोडणी सोडवून मागच्या सीटवर टाकलीत. मग शेजारी बसलात, पट्टा लावलात आणि चप्पल काढून चक्क मांडी घातलीत. ‘आता माझ्याकडं काही नाही. चालव.’

तिसऱ्या गिअरला साठ. पहिल्यांदा माझ्या मनानं जिथं ब्रेक लागला तिथं तुम्ही उतरून एक वीट ठेवलीत. मग ती एक पाऊल पुढं. मग अजून एक. अट एकच, विटेच्या अलीकडं पाय हलायचा नाही. मी वीट बघत होतो, ढीग बघत होतो. तुम्ही समोर बघतच नव्हता. मान वाकवून माझ्या उजव्या पायाकडं बघत होतात, मी तेरा वर्षं पोरांच्या पायाकडं बघायचो तसं. ‘रस्ता तुझा तू बघ, मी पाय बघतो.’ विटेच्या चार हात अलीकडं माझी टाच उचलली जायची आणि तुम्ही फक्त ‘हं’ म्हणायचात. ओरडला नाहीत. एकदा गाडी बगॅसमध्ये नाक खुपसून थांबली, तुमच्या टोपीवर सगळा भुसा. तुम्ही टोपी झटकलीत आणि म्हणालात, ‘बघ, मऊ आहे.’

अकरा वाजेपर्यंत वीट नऊ पावलं पुढं गेली होती.

हे ऐकून कुणाला वाटेल की पुढच्याच शर्यतीत झेंडा फडकला. कसला! पुढच्या फेरीत ब्रेक इतका उशिरा मारला की गाडी ट्रॅकबाहेर जाऊन दोन गिरक्या खाऊन थांबली आणि पुढचं सस्पेन्शन वाकलं. बिल बघून मी फोन केला, तर तुम्ही म्हणालात, ‘म्हणजे वीट कुठं ठेवायची नाही ते कळलं.’ वीट बरोबर जागी बसायला दोन हंगाम गेले. पुढं कळलं की उशिरा दाबण्यापेक्षा सोडणं अवघड असतं. वळणात शिरताना ब्रेक इंचाइंचानं सोडायचा, म्हणजे पुढच्या चाकांवरचा भार एकदम जात नाही. ते मात्र मला लवकर जमलं. हळूहळू सोडणं आपण क्लचवर आयुष्यभर शिकवलंच होतं.

डाव्या सीटनं नुसतं नुकसान केलं असंही नाही, हे मला फार उशिरा समजलं. गाड्या दाराला दार लावून वळणात शिरतात तेव्हा शेजारचा काय करणार हे मला त्याच्याआधी कळतं. त्याचं पुढचं चाक जरा थरथरतं, हेल्मेट किंचित आत झुकतं, तेवढं पुरतं. हजारो घाबरलेली माणसं शेजारी बसवून घेतल्यावर एवढी नजर यायलाच पाहिजे. डावीकडून किती इंच जागा उरली हे मी न बघता सांगतो. गाडी सहीसलामत परत आणणारा म्हणून नाव झालं, आणि २०१७ मध्ये एका संघानं विचारलं: सलून गटात आमची गाडी चालवायची, आमच्या दोन पोरांना शिकवायचं, मानधन इतकं.

व्यावसायिक रेसर म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी सांगतो, पैसे ज्या दिवशी उलट्या दिशेनं वाहायला लागतात तो दिवस. आपल्या देशात नुसत्या शर्यतीवर घर चालणारे ड्रायव्हर बोटांवर मोजण्याएवढे. बाकीचे आम्ही शिकवतो, कंपन्यांच्या गाड्या तपासतो, ट्रॅक डेला, म्हणजे हौशी ग्राहक ट्रॅकवर गाडी चालवायला येतात तेव्हा, त्यांच्या शेजारी बसतो. शेजारी म्हणजे परत डावीकडंच! आणि तिथं पेडल नसतात. मी पट्टा लावतो आणि तुमच्यासारखी मांडी घालायचा मोह आवरतो.

पहिलं मानधन जमा झालं तेव्हा मी पेढे घेऊन आलो होतो. तुम्ही पेढा तोंडात टाकून विचारलंत, ‘टीडीएस कापला का?’

पुढच्या वर्षी ८०० भंगारात गेली. त्याआधी तुम्ही डावीकडची दोन पेडल काढून, पेपरात गुंडाळून माझ्या हातात दिलीत, काही न बोलता. ब्रेकच्या रबरावर माझ्या टाचेचा खड्डा आहे, क्लचवर तुमच्या. ती माझ्या हेल्मेटच्या बॅगेत असतात. विमानतळावर दोनदा बाहेर काढून दाखवावी लागली, समजावून सांगता येत नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. शिरोलीला जिथून आपण पोरांना मागं वळवायचो, तोच हायवे बेळगाव, हुबळी, बंगळूर करत इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकजवळून जातो. मी दर वेळी तिथून निघतो, पुलाखालून वळतो आणि हात आपोआप इंडिकेटरकडं जातो, परत फिरायला.

पुढच्या फेरीला या. हरिप्रियाचं तिकीट मी काढतो, आधी बालाजी करू. गुडघा दुखत असेल तर गच्चीत खुर्चीची सोय केलीय, भडंग तुमचं तुम्ही आणा. कोण पुढं, कोण मागं ते बघू नका. पहिल्या वळणाला माझे दिवे कितवे लागतात तेवढं मोजा, आणि खाली येऊन सांगा.

आपला,
सहाच्या बॅचचा मास्तर