सूचना : झाडांवरच्या वायर अँटेनांची तपासणी

सर्व सभासदांनी वाऱ्याचे दिवस सुरू होण्याआधी झाडांवरून ताणलेल्या रेडिओच्या अँटेना तपासून घ्याव्यात.

तार तुटते ती बहुधा दोन्ही टोकं पक्की बांधल्यामुळे. झाडं डोलतात, तांब्याची तार मात्र तेवढी लांबत नाही. एक टोक पक्कं ठेवा. दुसऱ्या टोकाची दोरी कप्पीतून खाली घेऊन तिला पाण्याचा कॅन लटकवा. पाच लिटरपासून सुरुवात करा, झोळ फार वाटला तर पाणी वाढवा. कॅन जमिनीपासून मीटरभर तरी वर हवा, नाहीतर तो टेकतो आणि ताण जातो. दोरी पॉलिएस्टरचीच घ्या. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं.

टोकाचा इन्सुलेटर (तार आणि दोरी यांमधला वीजरोधक तुकडा) पानांपासून दीड-दोन मीटर दूर ठेवा. डायपोलच्या (मधोमध जोडणी असलेल्या दोन भागांच्या तार-अँटेनाच्या) टोकांना व्होल्टेज सर्वाधिक असतं, ओली पानं लागली की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप) बिघडतो. (७.१ मेगाहर्ट्‌झसाठी एकूण तार साधारण २० मीटर. थोडी जास्तच कापा, मग छाटा.)

नवी दोरी टाकताना आधी वजन बांधलेला तंगूस (मासेमारीचा बारीक नायलॉन धागा) फांदीवरून टाका, मग त्याने सुतळी आणि सुतळीने दोरी ओढून घ्या. वजन फांदीत अडकलं तर हिसका देऊ नका, सुटलं की थेट तोंडावर येतं. हेल्मेट आणि गॉगल घालाच.

फेकलेली दोरी किंवा तुटलेली तार विजेच्या तारांपर्यंत पोहोचू शकत असेल, तर ते झाड वापरू नये.