व्हॉल्व्ह साफ करण्याच्या जाहिराती बंद करा

मा. संपादक,

आपल्या पेपरात दर रविवारी शेवटच्या पानावर "ऑपरेशन नको, हार्टचा व्हॉल्व्ह सलाइनने साफ करा" टाइपची जाहिरात येते, ती बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या वडिलांच्या (वय 76) एऑर्टिक व्हॉल्व्हमध्ये (हार्टमधून शरीराकडे रक्त सोडणारी झडप) कॅल्शियम जमलंय असं इकोत आलं, डॉक्टर म्हणाले बदलावा लागेल, पण छाती उघडायची म्हटल्यावर घरात सगळेच घाबरले आणि असल्याच एका ठिकाणी आम्ही सात महिने सलाइन लावत बसलो. पैसे गेले ते गेले, पण बाबा एक दिवस जिन्यात चक्कर येऊन पडले, परत इको केला तर व्हॉल्व्हचं तोंड आधीपेक्षा बारीक.

मग नीट माहिती काढली. हे काही नळाला धरलेल्या क्षारासारखं वरवरचं नसतं, झडपेच्या पातळ पडद्यांच्या आतच हाडासारखं कॅल्शियम तयार होतं. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी ते थांबेल असं वाटत होतं पण 2005 आणि 2008 साली पेशंटवर केलेल्या ज्या चाचण्यांचे निकाल आले त्यांत तसं काही दिसलं नाही.

छाती न उघडता खरा उपाय आहे तो तावी, म्हणजे मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवीन झडप नेऊन बसवायची. 2002 मध्ये फ्रान्समधल्या रूआँला डॉ. अलँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा केलं, आता तर आपल्या शेजारी वापीला बनलेला व्हॉल्व्हपण मिळतो. बाबांचं तेच केलं. खर्च लाखांत जातो, हे खरंय.

आणि काहीच आत न घालता? बाहेरून छातीवर अल्ट्रासाउंडच्या लहरी सोडून कडक झडप मऊ करायचं मशीन फ्रान्समध्ये बनलंय. 2023 मध्ये ज्या 40 पेशंटचा रिपोर्ट लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला त्यांना ऑपरेशन किंवा तावी झेपणार नव्हती, आणि सहा महिन्यांनी झडपेचं तोंड सरासरी 0.58 वरून 0.64 चौरस सेंटिमीटर झालं. एकच्या खाली म्हणजे गंभीरच धरतात! त्यामुळे ज्यांना दुसरा पर्यायच नाही त्यांना थोडा आराम, एवढंच त्याचं काम सध्या.

दम लागणं, छातीत दुखणं, चक्कर येणं सुरू झालं की झडप न बदललेल्यांपैकी जवळजवळ निम्मे दोनेक वर्षांत जातात. आमचे सात महिने त्यातलेच गेले. प्लीज, येत्या रविवारपासून ती जाहिरात घेऊ नका.

एक वाचक, सांगली