आत्याच्या बोलण्यावर जाऊ नका

आबा, आई, नमस्कार.

मी बराय. जेवणखाण नीट चालू आहे, गोळ्या वेळेवर घेतो, त्यामुळं आईनं माझ्यासाठी उपास धरायची गरज नाही. ताईचा व्हॉइस मेसेज आला की आत्या औशात सगळ्यांना सांगत फिरतेय मी लेकीची, चिऊची, पोटगी बुडवली म्हणून, अन् तुम्ही दोघं तेव्हापासून धड जेवत नाही. फोनवर आबा बोलूच देत नाहीत म्हणून लिहितोय.

पैसे बुडवलेले नाहीत. टेक्सासात ही पोटगी लेकराची असते, एका लेकराला बापाच्या हातात येणाऱ्या कमाईच्या 20 टक्के, अन् कंपनीच पगारातून कापून सरकारी खात्यात भरते, तिथून चिऊच्या आईला जाते. कोर्टानं 1300 डॉलर लावले ते जुन्या पगारावर. ती नोकरी गेली, आता हातात 4200 येतात, पण ऑर्डर जुनीच चालू आहे. कमी करायचा अर्ज लगेच टाकलाय, नुसत्या तारखा पडतायत. अन् चिऊच्या आईला त्या अर्जाची नोटीस पोचायच्या आधीचं जे साचलं ते जजलासुद्धा माफ करता येत नाही, 1986 पासून कायदाच तसा आहे, वर 6 टक्के व्याज. नोकरी नव्हती तेव्हा चिऊला बूट, दप्तर, स्वेटर घेऊन दिलं, ते हिशोबात धरतच नाहीत.

आबा म्हणाले कमावत्या बापाचे पैसे थकतातच कसे. आमच्या बिल्डिंगमधला एकजण गोदामात माल चढवायचा, दोन लेकरं म्हणजे 25 टक्के. पाठ गेली, काम सुटलं. तीन महिन्यांचं थकलं की इथं गाडीचं लायसन्स बंद करू शकतात, त्याचं केलं, अन् गोदामाकडं बस जात नाही. आता सांगा त्यानं काम कुठून आणायचं? रोखीनं कमवून लपवणारे बाप पण आहेत, त्यांना सोडूच नये, लेकराला जेवायला रोज लागतं. पण ह्या माणसाला लबाड म्हणताना मला लई वाईट वाटतं.

आता चिऊ रोज का दिसत नाही ते. इथं भेटीचे शनिवार-रविवार शुक्रवारावरून मोजतात. महिन्याचा पहिला, तिसरा अन् असला तर पाचवा शुक्रवार, संध्याकाळी 6 पासून रविवारी 6 पर्यंत ती माझ्याकडं. शाळा चालू असली की गुरुवारी 6 ते 8. महिना शनिवारी लागला तर तो शनिवार-रविवार पहिला धरत नाहीत, कारण त्याचा शुक्रवार मागच्या महिन्यातला. चिऊनं फ्रिजवरच्या कॅलेंडरला पेन्सिलीनं शुक्रवारांना गोल केलेत, तिला माझ्यापेक्षा पाठ आहे. येळवशीच्या अमावस्येला तुम्ही शेतातून व्हिडिओ कॉल केला तो सोमवार होता, म्हणून ती नव्हती, कुणी तोडली नाही. पैसे थकले तरी तिची आई भेट बंद करू शकत नाही, अन् भेट नाही झाली तरी मी पैसे थांबवू शकत नाही, दोन्ही वेगळं आहे. आली की तुम्ही पाठवलेली शेंगाची चटणी भातावर घेते, डबा संपत आलाय.

राणीच्या लग्नाचं. पाच लाख म्हणालो होतो ते एकदम जमणार नाहीत, मार्चात दोन पाठवतो, बाकीचे ऑर्डर कमी झाली की. त्यासाठी जमीन गहाण टाकू नका अन् सोयाबीन पडत्या भावात घालू नका. हॉल औशातलाच बघा, लातूरचा नको. राणीला तुम्ही काही बोलू नका, मी स्वतः सांगतो तिला. तारीख पहिल्या अन् तिसऱ्या शुक्रवाराच्या मधली काढता आली तर बघा, म्हणजे चिऊचा शनिवार-रविवार न चुकवता आठ दिवस येता येईल. माझ्यासाठी स्थळं बघणं मात्र थांबवा, आई, आत्ता खरंच नको.

आबांचं बँक खातं जुनंच आहे का ते ताईला कळवायला सांगा.

तुमचा,
बाळू