कुसुमला, गुडघ्यांबद्दल

खालचा पाट, गुहागर
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय कुसुम,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पोस्टमनने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं, तरी एक कोपरा भिजलाच, आणि नेमकी तू खर्चाचा आकडा लिहिलेली ओळ पुसली गेली. 'हजार' एवढं वाचता आलं, पुढचा अंदाज केला. फोनच केला असता, पण पाऊस लागला की इथे दोन वाक्यांत रेंज जाते. हा विषय तसा तुटक बोलण्यातला नाही.

'तू सगळी इंजेक्शनं घेऊन बसलीयेस, मी कुठलं घेऊ ते सांग,' असं लिहिलंयस. अगं, सगळी नाही, दोन प्रकारची. आणि मी डॉक्टर नाही, एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. पण गेल्या वर्षी मे महिन्यात भावाची मुक्ता आली होती. ती फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रोज संध्याकाळी पडवीत लॅपटॉप उघडून तिने मला एकेक संशोधन समजावून दिलं. आकडे दिसले की मी वाद घालतेच, त्यामुळे बरंचसं डोक्यात राहिलं.

पहिलं इंजेक्शन दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या तोंडावर. उजवा गुडघा शहाळ्यासारखा गरगरीत सुजलेला. विहिरीच्या चार पायऱ्या उतरायच्या तर भिंतीला धरून आडवी उतरायची. चिपळूणच्या डॉक्टरांनी फोटो काढला, म्हणाले आतल्या बाजूची हाडांमधली फट बुजत आलीय. मला उताणं झोपवलं, गुडघ्याखाली चादरीची वळकटी दिली, तपकिरी औषधाने तीनदा पुसलं. इतकं गार की अंगावर काटा आला. मग वाटीच्या बाहेरच्या बाजूने सुई घालून आधी आतलं पाणी ओढून घेतलं. एरंडेलासारखं पिवळट. त्यांनी सिरिंजच्या टोकाला त्याचा एक थेंब लोंबू दिला. जेमतेम पेरभर तार आली आणि तुटली. 'निरोगी गुडघ्यातलं असतं तर एकतारी पाकासारखी लांब तार आली असती,' ते म्हणाले. लोक 'वंगण संपलं' म्हणतात ना, ते मला त्या थेंबात दिसलं. संपलेलं नसतं, पातळ झालेलं असतं. उलट सुजेमुळे पाणी नको तितकं साचतं.

सुई तशीच ठेवून नुसती सिरिंज बदलली आणि दुधासारखं पांढरं औषध आत गेलं. ट्रायमसिनोलोन, ४० मिलीग्रॅम. हे स्टेरॉइड. सांध्याच्या आतल्या अस्तराला आलेली सूज ते बसवतं. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, भरून येत नाही, एवढं घोकून ठेव. आणि स्टेरॉइड शब्दाला घाबरू नकोस, तालमीतली पोरं घेतात ते हे नव्हे. १९५१ पासून डॉक्टर सांध्यात हे देतायत, आणि बाटली शे-दोनशे रुपयांची.

पहिल्या दोन रात्री गुडघा आधीपेक्षा जास्त ठणकला. ते होऊ शकतं, बर्फ लावायचा. चौथ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला उठले आणि गॅसपाशी पोचल्यावर लक्षात आलं की मी कशालाही न धरता आले. हे ओटीवरून बघत होते. काही बोलले नाहीत, पेपर मात्र खाली ठेवला.

आता माझा मूर्खपणा ऐक. डॉक्टरांनी बजावलं होतं, मधुमेह आहे, चार-पाच दिवस साखर तपासत राहा. मी मोदकांच्या नादात मशीनला हात लावला नाही. पाचव्या दिवशी तोंडाला कोरड, सारखी लघवीला. उपाशीपोटी २४०. सांध्यात दिलेलं औषध थोडं रक्तात उतरतं आणि साखर चढवतं, काही दिवसांत खालीही येते, पण तोवर नजर ठेवावी लागते. तुझी साखर 'सीमेवर' आहे म्हणतेस. सीमेवरच्यांनीच जास्त जपावं.

दुसरा मूर्खपणा याहून मोठा. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं धरून मी सात आठवडे नुसती उधळले. मोदकांना तीन तास पाटावर बसले. आगरात शिपणं स्वतः केलं. दिवाळीत सुपारीची पोती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओढली. का, तर गडी आला नव्हता आणि मला ताकद आल्यासारखं वाटत होतं. तुळशीच्या लग्नाला गुडघा होता तिथे परत.

लगेच चिपळूण गाठलं, म्हटलं परत टोचा. त्यांनी मान हलवली. तीन महिने झाल्याशिवाय नाही, आणि त्यानंतरही सवय लावायची नाही. मुक्ताने नंतर त्याचं कारण दाखवलं. अमेरिकेत १४० जणांवर दोन वर्षं प्रयोग झाला. अर्ध्यांना दर बारा आठवड्यांनी हेच स्टेरॉइड, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. २०१७ साली निकाल छापून आला. दोन वर्षांनी दुखण्यात दोन्ही गटांत फरक नाही, पण स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त पातळ झालेली. एकदा-दोनदा, गुडघा पेटलेला असताना घेणं वेगळं आणि हप्ता बांधणं वेगळं.

पण मला तेव्हा धीर नव्हता. एका पाहुण्यांच्या सांगण्यावरून एका शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेले. नाव लिहीत नाही, लिहून काही परत मिळणार नाही. तिथे भिंतीवर गुडघ्याचं चित्र, शेजारी तेलाच्या डब्याचं चित्र. 'वंगण भरून देतो, वर्षभर बघायला नको.' जेलचं एक इंजेक्शन, अठरा हजार. माझे पोफळीचे निम्मे पैसे तिथे गेले. महिनाभर काही वाटलं नाही, मग थोडं हलकं वाटलं. जेलमुळे, की अठरा हजार दिले म्हणून, की थंडी सरून ऊन पडलं म्हणून, हे देवालाच माहीत.

त्या जेलची कुळकथा मोठी मजेची आहे. हायलुरॉनिक आम्ल हे त्याचं नाव. १९३४ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी ते गाईच्या डोळ्यातल्या चिकट द्रवातून वेगळं काढलं. आपल्या सांध्यातल्या पाण्याला तार येते ती त्याच्यामुळे. पुढे औषधासाठी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायला लागले. हो, तुऱ्यातून! तू अंड्याचा केकसुद्धा खात नाहीस, म्हणून मुद्दाम लिहिते. आता जिवाणूंपासूनही बनवतात, तेव्हा घ्यायचंच ठरलं तर कुठलं आहे ते विचार. पण घ्यावं का? २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १६९ चाचण्यांचा एकत्र हिशेब आला. त्यात आराम औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनपेक्षा किंचित जास्त, इतका किंचित की माणसाला जाणवण्याजोगा नाही. मुक्ताने आलेख दाखवला तेव्हा मी अठरा हजारांना त्या किंचितने भागायला घेतलं आणि सोडून दिलं.

आता तुझ्या डॉक्टरांनी सुचवलेलं, रक्ताचं. पीआरपी. आपलंच रक्त काढायचं, यंत्रात गरागरा फिरवायचं, प्लेटलेटवाला पिवळा थर घ्यायचा आणि गुडघ्यात सोडायचा. ऐकायला किती छान, ना? आपलंच, नैसर्गिक. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये छापून आली. आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, एका गटाला पीआरपी, दुसऱ्याला मिठाचं पाणी, कुणाला काय मिळतंय ते कुणालाच ठाऊक नाही. वर्षानंतर दुखणं मोजलं. दहाच्या मापावर पीआरपीवाल्यांचं २.१ ने कमी झालं. आणि मिठाच्या पाण्याचं? १.८ ने. कूर्चेतही फरक नाही. काही छोट्या चाचण्यांत पीआरपी बरं ठरलंय, त्याचीच कात्रणं तुला दाखवली असतील. पण तो थर प्रत्येक जण वेगळ्या रीतीने काढतो, त्यामुळे एकाचं पीआरपी ते दुसऱ्याचं नव्हे. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी ते देऊच नका असं ठाम सांगितलं, आणि त्याच कागदात स्टेरॉइडला मात्र होकार दिला. तेव्हा कुसे, तीन इंजेक्शनांचं ते 'पॅकेज' तू सोड. आपलं रक्त आपल्याला विकत घ्यायला लावतात, याचाच मला राग येतो. आणि उद्या कुणी मूळपेशींचं, म्हणजे स्टेम सेलचं बोललं तर चप्पल घालून सरळ बाहेर ये. ते आपल्याकडे मान्य चाचणीबाहेर द्यायलाच परवानगी नाही.

मला त्या मिठाच्या पाण्यानेच जास्त विचारात पाडलं. त्याने लोकांना खरंच बरं वाटलं गं, ढोंग नव्हे. कुणीतरी लक्ष देऊन गुडघा हातात घेतो, सुई जाते, आपण दोन दिवस जपून चालतो. शिवाय आपण दवाखान्यात जातो तेव्हा दुखणं शिगेला पोचलेलं असतं, तिथून ते उतरणारच असतं. माझ्या आजीने निर्गुडीचा पाला बांधला की उतरायचं, तेही यातलंच असावं.

गेल्या माघात गुडघा पुन्हा सुजला तेव्हा मी स्टेरॉइडच घेतलं, पण या खेपेला हिशेब उलटा मांडला. दुखणं थांबतं ते सहा-सात आठवडे पोती ओढायला नाहीत, मांडी घट्ट करायला. मांडीचा पुढचा स्नायू हाच गुडघ्याचा खांब, आणि दुखऱ्या गुडघ्याने व्यायाम होत नाही म्हणून तो आणखी वाळतो. इंजेक्शनने तेवढी सवड मिळते. मुक्ताने शिकवलं ते सोपं आहे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि दहा मोजायचे. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. पहिल्या दिवशी चार वेळा उठले आणि पाचव्याला खुर्चीत धप्पकन बसले. आता वीस वेळा होतं, वर व्याडेश्वरापर्यंत चालत जाऊन येते. वजन पाच किलो उतरलं. वजन एक किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. हे गणित मला शाळेत असताना कुणी सांगितलं असतं तर!

हे माझंच खूळ नव्हे. अमेरिकी सैन्याच्या रुग्णालयांत १५६ जणांवर पाहिलंय, निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना फिजिओथेरपी. वर्षाअखेरीस व्यायामवाले पुढे. पण गुडघा पेटलेला असताना व्यायाम कर म्हणणाऱ्याला मी चिमटा काढीन, म्हणून माझं आपलं दोन्ही.

टोचून घ्यायचं ठरलं तर रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ते डॉक्टरांना आधी सांग, तू विसरशील. नंतर ताप आला, गुडघा लाल होऊन चटके द्यायला लागला, तर सकाळची वाट बघू नकोस, त्याच दिवशी गाठ. आत जंतू शिरणं क्वचित होतं, पण झालं तर तास महत्त्वाचे. आणि भाऊजी सांधा बदलण्याचं बोलतायत म्हणालीस. ते या वर्षात करायचं असेल तर ऑपरेशनच्या आधी तीन महिने स्टेरॉइड नको, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. बदलायला मी नाही म्हणत नाही. झीज पुरी झाली की सुया टोचत बसण्यापेक्षा ते बरं. मी अजून तिथे पोचले नाही, तू पोचलीयेस की नाही हे तुझ्या फोटोवरून आणि रात्रीच्या झोपेवरून ठरेल.

गणपतीला येतेस ना? मोदकांसाठी जुनं शिवणाचं टेबल हे स्वच्छ करून माजघरात आणून ठेवतायत. पाट मी माळ्यावर टाकला. दोन खुर्च्या समोरासमोर मांडू. तू पाऱ्या कर, माझ्या अजूनही जाड होतात. चिपळूण स्टेशनवरून एसटीने येऊ नकोस, रस्त्याला खड्डे आहेत, मी रिक्षा सांगते.

तुझी,
शालू

ता. क. येताना साखरेचं मशीन आण. माझ्या मशीनच्या पट्ट्या संपल्यात आणि इथल्या दुकानात त्या कंपनीच्या मिळत नाहीत.