जुन्या बोर्डाच्या जागी डीबी (घरभर वीज वाटणारी पेटी) बसवायला शिकवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

घरी येऊन तुमचे आभार मानले तेव्हा "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही विषय चहाकडे वळवलात. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाशिकच्या सिडकोत आमच्यासारखी घरं गल्लोगल्ली आहेत. खाली योजनेतल्या मूळ खोल्या, वर नंतर चढवलेला मजला, आणि अख्ख्या घराचा भार पेलणारा तोच पहिला लाकडी बोर्ड. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते त्या घरांतही कळायला हवं.

आमचा बोर्ड बघितल्यावर तुम्ही पक्कड काढली नाहीत, वही मागितलीत. घरात विजेवर जे जे चालतं त्याची यादी मला करायला लावलीत. गिझर 2000 वॅट, इंडक्शन शेगडी 2000, इस्त्री 1000, मिक्सर 750, शिवाय अर्ध्या एचपीची पाण्याची मोटर. मग म्हणालात, "आता वॅटला 230 व्होल्टनं भाग." गिझर आणि शेगडी एका वेळी चालली की करंट 17 अँपिअरच्या वर जात होता, आणि दोन्ही एकाच जुन्या लाइनवर होती. त्या लाइनच्या किटकॅटमध्ये (फ्यूजच्या चिनी मातीच्या खोक्यात) कुणीतरी फ्यूजच्या तारेऐवजी तांब्याच्या तारा पिळून घातल्या होत्या, म्हणून तो कधी उडायचा नाही.

त्याआधी एका जणानं किटकॅट काढून सगळीकडे 32 अँपिअरच्या एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारे स्विच) लावून देतो, संध्याकाळपर्यंत काम उरकतं, असं सांगितलं होतं. ते ऐकून तुमचा चेहरा बदलला होता, मला आठवतं. एमसीबी असते ती भिंतीतल्या वायरीसाठी. बारीक वायरीवर 32 ची एमसीबी बसवली तर आधी वायर तापते, तिचं आवरण वितळतं आणि एमसीबी तशीच वर उभी राहते. म्हणून आधी वायर, मग एमसीबी, हा क्रम तुम्ही ठरवून दिलात. दिव्या-पंख्यांना 1.5 चौरस मिलिमीटरची वायर आणि 6 किंवा 10 अँपिअरची एमसीबी. पॉवरच्या सॉकेटना 2.5 ची वायर आणि 16 ची एमसीबी. गिझर आणि पुढे बसणाऱ्या एसीला 4 ची स्वतंत्र लाइन. खालच्या खोल्यांत ॲल्युमिनियमची जुनी वायर निघाली. ती स्क्रूखाली हळूहळू सैल होते आणि तांब्याला जोडलेला तिचा सांधा तापतो, हे दाखवून तुम्ही ती सगळी काढायला लावलीत. खर्च वाढला. बाबा जरा कुरकुरले, पण जोडाजवळचं काळं पडलेलं आवरण बघितल्यावर गप्प झाले.

मला स्वतःच्या हातानं काम करायचं होतं. हे ऐकून माझ्यावर न हसणारे तुम्ही पहिले. सातपूरच्या कारखान्यात उभी हयात मेंटेनन्समध्ये काढलेला, तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना असलेला माणूस मला पाइपासाठी भिंतीत झरी कशी मारायची, स्प्रिंग घालून पाइपातून वायर कशी ओढायची, प्रत्येक टोकाला चिठ्ठी कशी लावायची हे जमिनीवर बसून शिकवत होता. माझ्या कामाची हद्दही तुम्हीच आखून दिलीत. मीटर आणि कटआउट (मीटरजवळचा मुख्य फ्यूज) महावितरणचं, त्याच्या सीलला कुणी हात लावायचा नाही. घरातला मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या वायरीत वीज असतेच, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की माझा धाकटा भाऊही पाठ म्हणतो. शाखा कार्यालयात रीतसर अर्ज करायला लावलात. जनमित्रांनी (महावितरणच्या लाइनमननी) येऊन पुरवठा बंद करेपर्यंत तुम्ही मला बोर्डाजवळही फिरकू दिलं नाही. पुरवठा बंद झाल्यावरही आधी चालू असलेल्या ठिकाणी टेस्ट लॅम्प पेटतो का बघायचं, मग आपल्या वायरीवर, मग परत चालू ठिकाणी. लॅम्पच बिघडला असेल तर काय, म्हणून. डीबीतली शेवटची जोडणी तुम्ही केलीत, आणि तुमच्या ओळखीच्या परवानाधारक कंत्राटदारांनी सगळं तपासून टेस्ट रिपोर्टवर सही केली. ते रीतीनंच व्हायला हवं, यावर तुम्ही ठाम होतात.

अर्थिंगचं तर आम्हाला काहीच माहीत नव्हतं. जुनी अर्थची वायर पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधलेली होती. मधल्या काळात नळाचं काम झालं, पाइप प्लास्टिकचे आले आणि अर्थिंग नुसतं नावाला उरलं. थ्री-पिन सॉकेटचं वरचं भोक इतकी वर्षं कशालाच जोडलेलं नव्हतं! अंगणात खड्डा घेतला तर थोड्याच खोलीवर मुरूम लागला, आपल्याकडे खाली काळा पाषाणच. तुम्ही पहार मागितलीत, मुलांना कामाला लावलंत. प्लेट, कोळसा-मिठाचे थर, वर पाणी घालायचा पाइप. अर्थ टेस्टरवर आकडा तुमच्या मनासारखा येईपर्यंत खड्डा बुजवू दिला नाहीत.

आणि आरसीसीबीची ती रात्र. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे ती सतत ताडून बघते आणि 30 मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला, म्हणजे कुठेतरी वीज गळतेय, की पुरवठा तोडते. आमची आरसीसीबी वर केली की लगेच पडायची. सगळ्या एमसीबी बंद केल्या तरी पडायची. दुसरा कुणी असता तर ती काढून ठेवून मोकळा झाला असता, आणि असं करणारी घरं मला माहीत आहेत. तुम्ही स्टूल ओढून बसलात. एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, म्हणून दोष तिकडे शोधायचा, असं म्हणत मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरची एकेक वायर सोडवून मेगर (वायरीचं आवरण धड आहे का ते मोजणारं यंत्र) लावत गेलात. मोरीच्या दिव्याच्या न्यूट्रलचं आवरण ओल्या भिंतीत कुजलं होतं आणि तो अर्थला टेकत होता. तो काढला तर आरसीसीबी टिकली, पण जिन्यातला दिवा लावला की पुन्हा पडायची. त्याचा न्यूट्रल मजला चढवताना शेजारच्या जुन्या लाइनमधून उसना घेतलेला निघाला, म्हणजे त्या दिव्याचा करंट आमच्या आरसीसीबीतून परत येतच नव्हता. ते सापडलं तेव्हा जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली होती आणि आई तुम्हाला तिसऱ्यांदा हाक मारत होती.

मोरीत माझी आजी ओल्या पायांनी वावरते, गिझरचं बटण तीच दाबते. तुम्ही त्या रात्री उठून गेला असतात तर आम्ही बहुधा आरसीसीबीशिवायच राहिलो असतो. काका, आभार मुख्यतः त्यासाठी.

आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दर महिन्याच्या एक तारखेला आजीच दाबते. एसीसाठी मंजूर भार वाढवायचा अर्ज भरलाय, यादी तुमच्या वहीतलीच जोडली. काकूंना नमस्कार सांगा. तुमचा मेगर आमच्याकडेच राहिलाय, रविवारी घेऊन येते.

तुमची,
मागच्या गल्लीतली