इतोकावाची धूळ

प्रिय दिलीप,

स. न. वि. वि.

"कोट्यवधी खर्चून चिमूटभर माती आणायची, ही कसली हौस?" एवढं बोललास आणि नेमकी रेंज गेली. अरे दिल्या, चिमूटभरही नव्हती! जपानच्या हायाबुसा यानाने इतोकावा या लघुग्रहावरून आणलेले, मोजून झालेले कण दीड हजाराच्या आसपास, बहुतेक दहा मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा बारीक. डबी उघडली तर डोळ्यांना काहीच दिसेना. टेफ्लॉनच्या पट्टीने आतून खरवडली, मग उपडी करून ठोकली, तेव्हा कुठे हाती लागलं.

यान मे २००३ मध्ये निघालं, सप्टेंबर २००५ मध्ये पोहोचलं. इतोकावा म्हणजे जेमतेम ५३५ मीटर लांबीचा दगडगोट्यांचा सैल ढीग. आत चाळीस टक्के पोकळीच. तोल सांभाळणाऱ्या तीन चाकांपैकी दोन आधीच गेलेली. मिनर्व्हा नावाचा चिमुकला रोबो खाली सोडला, पण त्या क्षणी यान वर चढत होतं, तो भरकटला तो भरकटलाच. पाच ग्रॅमची गोळी झाडायची आणि उडालेली धूळ नळकांड्यात धरायची, असा बेत होता. गोळी उडालीच नाही. यान टेकताना जी धूळ उडाली, तेवढीच मिळकत. मग इंधन गळलं आणि डिसेंबरात संपर्क तुटला. जानेवारीत कुठे यानाचा आवाज आला. सिग्नल एका बाजूने पोहोचायलाच पाव तासाच्या वर लागायचा, तेव्हा त्या लोकांची काय अवस्था झाली असेल बघ.

पण पॅनेल वायरिंगवाल्या, तुझ्यासाठी खरी मेजवानी पुढेच आहे. नोव्हेंबर २००९, परतीची वाट, आयन इंजिनं एकेक करून थकलेली. या इंजिनाला दोन अंगं असतात. एक झेनॉन वायूचे धनभारित कण, म्हणजे आयन, मागे फेकतं, दुसरं इलेक्ट्रॉन सोडून भार फेडतं. 'ब' इंजिनाचं पहिलं अंग शाबूत, 'अ'चं दुसरं. दोन्ही जोडून त्यांनी एक इंजिन चालवलं! जमलं कसं? उड्डाणाआधीच कुणीतरी दोघांच्या सर्किटमध्ये एक डायोड, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा, टाकून ठेवला होता. वापरावा लागेल असं कुणाला वाटलं नसेल, पण टाकला. असला माणूस मला पंतप्रधानापेक्षा मोठा वाटतो.

१३ जून २०१० ला ऑस्ट्रेलियात वूमेराला धुळीची कुपी उतरली, यान मात्र जळालं. ठरल्यापेक्षा तीन वर्षं उशीर झाला होता.

आता खर्चाचं. पृथ्वीवर सर्वांत जास्त पडणाऱ्या उल्का 'सामान्य कॉन्ड्राइट' नावाच्या दगडी प्रकारच्या. त्या येतात कुठून? संशय 'एस' प्रकारच्या, म्हणजे इतोकावासारख्या दगडी लघुग्रहांवर होता, पण दुर्बिणीतून त्यांचा रंग जास्त लालसर दिसायचा, जुळायचा नाही. या कणांनी कोडं सोडवलं. आतला दगड कॉन्ड्राइटशी जुळतो. वरच्या पापुद्र्यात मात्र सौर वाऱ्याच्या, म्हणजे सूर्यातून सुटणाऱ्या भारित कणांच्या माऱ्याने लोहाचे अतिसूक्ष्म कण तयार झालेले. रंग फसवतो तो त्यांच्यामुळे. एवढं कळायला धूळ हातात घ्यावीच लागली.

नंतर दुसऱ्या दोन लघुग्रहांपैकी र्‍युगूवरून ५.४ ग्रॅम आले, बेन्नूवरून १२१.६. ती चैन.

त्या डायोडचं सर्किट कुठे सापडलं तर पाठवतो. तू तपासून सांग, तुझ्या पॅनेलमध्ये असा टाकला असतास का? वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
मकरंद