डबा घेऊन बिअरगार्टनला

म्युनिक, एप्रिलअखेर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तू आणि वहिनी तीन महिन्यांसाठी इथे येताय हे पक्कं झालं, फार बरं झालं. राजवाडे, किल्ले आणि मोटारींच्या संग्रहालयांची यादी तू केली असशीलच, त्यात मी भर घालत नाही. इथली खरी चैन रोजच्या जगण्यात आहे आणि ती बरीचशी स्वस्त किंवा फुकट आहे. मात्र प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते आणि एक बारकीशी रीत असते. वेळ चुकली तर दार बंद, आणि रीत चुकली तर शेजारचे आजोबा येऊन शांतपणे समजावून सांगणार. ते टाळावं म्हणून हे लांबण.

बेकरी सकाळी सहा-साडेसहाला उघडते. पहिल्या सकाळी ब्रेत्सन घे. हा गाठीसारखा वळलेला पाव भट्टीत जाण्याआधी कॉस्टिक सोड्याच्या अगदी सौम्य द्रावणातून काढतात, म्हणून त्याला तो चकचकीत तांबूस रंग आणि वेगळाच वास येतो. वरचे बारीक हात कुरकुरीत आणि खालचं जाड पोट मऊ असलं पाहिजे. मधून आडवा कापून लोणी भरलेला मिळतो, तोच माग. खायचा तो दुपारच्या आत. वरचं जाडं मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत साल ओलसर आणि चिवट होते. काही ठिकाणी पिठात डुकराची चरबी घालतात. तुम्ही दोघं शाकाहारी, तेव्हा एकदा विचारून घ्या, दुकानदाराला त्यात काही वावगं वाटत नाही.

पावाचं प्रकरण याहून मोठं आहे. जर्मन पाव-संस्थेच्या नोंदवहीत तीन हजारांहून जास्त प्रकार आहेत. तू राई (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) आणि गहू मिसळलेल्या पावापासून सुरुवात कर. राईचं पीठ आंबवल्याशिवाय नीट भाजलं जात नाही, आतून चिकट राहतं. म्हणून या पावाला आंबूसपणा असतो आणि म्हणूनच तो चार-पाच दिवस टिकतो. अख्खा नको असेल तर अर्धा कापून देतात. काप करून हवे असतील तर तसं सांगायचं, यंत्रातून फुकट करून मिळतात. भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावाचे काप मात्र करून देणार नाहीत, कारण गरम गर पात्याला चिकटतो. राईचा पाव तसाही दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. आणि वहिनींना आधीच सांगून ठेव, पाव फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. फ्रिजच्या तापमानाला तो सगळ्यात लवकर शिळा होतो. कापलेली बाजू खाली करून लाकडी फळीवर किंवा पावाच्या डब्यात ठेवा, उरणार असेल तर काप करून थेट फ्रीझरमध्ये.

रविवारी दुकानं बंद असतात, आणि बंद म्हणजे अगदी बंद. रविवारच्या विश्रांतीला इथे राज्यघटनेचंच संरक्षण आहे. बव्हेरियात शनिवारीही रात्री आठला शटर पडतं, तेव्हा दूध-भाजी शनिवारी संध्याकाळपर्यंत घरात हवी. बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात, आणि अगदीच अडलं तर मुख्य स्टेशनातली दुकानं आहेत. तुमच्या मुक्कामात जूनमधला एक गुरुवार, कॉर्पस क्रिस्टी या ख्रिस्ती सणाचा, असाच सुट्टीचा येतो आणि नवखा माणूस हटकून त्याच दिवशी रिकाम्या फ्रिजपुढे उभा असतो. रविवारी ड्रिल मशीन चालवायचं नाही, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत. दोन रविवार चुटपुटत जातात, तिसऱ्याला कळतं की कुठे जायचंच नसणं ही किती सुखाची गोष्ट आहे. जायचंच असेल तर आल्टे पिनाकोटेक या चित्रसंग्रहालयात जा. रविवारी तिकीट फक्त १ युरो, आणि आत चित्रकार ड्यूररचं १५०० सालचं आत्मचित्र आहे.

बाटल्यांचं थोडक्यात सांगतो. एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली आणि कॅन यांवर २५ सेंट अनामत असते, बिअरच्या नेहमीच्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट. सुपरमार्केटात दाराजवळ यंत्र असतं. त्यात बाटली बुडाकडून सरकवायची, शेवटी बटण दाबायचं, चिठ्ठी घ्यायची आणि ती गल्ल्यावर द्यायची. यंत्र लेबलावरचे पट्टे वाचतं, म्हणून बाटली चुरगाळायची नाही आणि लेबल सोलायचं नाही. वाइनच्या बाटलीवर अनामत नसते, ती यंत्र परत ढकलतं.

आता ज्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं ते बिअरगार्टन, म्हणजे झाडांखाली उघड्यावर बसून बिअर प्यायची जागा. पूर्वी इथे आगीच्या आणि बिअर नासण्याच्या भीतीने उन्हाळ्यात बिअर गाळायला बंदी होती. थंडीत गाळलेली बिअर नदीकाठच्या उतारावरच्या तळघरांत बर्फ भरून साठवायची. तळघर गार राहावं म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली: पानं रुंद, सावली दाट आणि मुळं खोल न जाणारी, म्हणजे छताच्या कमानीला धोका नाही. त्या सावलीत लोक बसू लागले आणि मद्यशाळांचं गिऱ्हाईक तुटलं. त्यांनी तक्रार केली, तेव्हा ४ जानेवारी १८१२ रोजी राजा पहिला माक्सिमिलियन योझेफ याने तोडगा काढला. बिअर गाळणाऱ्यांनी आपल्या तळघरावर बिअर विकावी, पण पावाखेरीज खाणं विकू नये. झालं, लोक घरून खाणं आणू लागले. आज तिथे खाणंही विकतात, पण घरचा डबा आणायचा हक्क कायम आहे. म्हणजे थालीपीठ, लसणाची चटणी आणि मटकीची उसळ घेऊन तू म्युनिकच्या कुठल्याही अस्सल बिअरगार्टनमध्ये उजळ माथ्याने बसू शकतोस.

रीत अशी. ज्या टेबलावर कापड अंथरलंय तिथे वेटर येतो, तिथे डबा उघडायचा नाही. उघड्या लाकडी बाकांवर आपलं आपण घ्यायचं. एखाद्या टेबलावर नेहमीच्या मंडळींच्या नावाची पाटी असते, ते सोडून दे. बाकी कुठेही जागा दिसली तर तिथल्यांना "इस्ट हीर नोख फ्राय?" (इथे जागा आहे का?) एवढं विचारायचं आणि बसायचं. अनोळखी माणसांच्या टेबलाला बसणं इथे अगदी रूढ आहे. पेय मात्र तिथलंच घ्यायचं, बाहेरची बाटली चालत नाही. एकाने डबा उघडून जागा धरायची, दुसऱ्याने बिअरच्या रांगेत जायचं. लिटरच्या मगाला मास म्हणतात, त्यात हेलेस ही फिकी, सौम्य बिअर येते, साधारण दहा युरोंच्या मागेपुढे. बऱ्याच ठिकाणी मगाची अनामतही वर घेतात, रिकामा मग परत केला की ती मिळते. एक लिटर एका दमात झेपत नसेल तर राडलर घे, म्हणजे निम्मी बिअर आणि निम्मं लिंबू-सोड्यासारखं गोड पेय. वहिनींना आपफेलशोर्ले आवडेल, सफरचंदाचा रस आणि सोडा. चिअर्स करताना जाड बुडं एकमेकांना टेकवायची आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. मगाकडे बघत राहिलास तर चेष्टा होईल.

हिर्शगार्टन या बिअरगार्टनला नक्की जा. तिथे साधारण ८,००० माणसं बसतात. बिअरचा मग फळीवरून आपणच उचलून नळाखाली विसळायचा आणि नंतर रांगेत उभं राहायचं. कुंपणापलीकडे हरणं चरत असतात. नियमाप्रमाणे रात्री दहाला संगीत थांबतं, साडेदहाला शेवटची बिअर आणि अकराला बंद. म्हणून सहालाच जाऊन बसायचं. मेमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, पण ऊन गेलं की गारठा पटकन पडतो. पातळ स्वेटर हवाच.

डब्यात एखादा इथला पदार्थ हवा असेल तर ओबात्स्दा घरी होतो. २०० ग्रॅम चांगलं पिकलेलं कामांबेर चीज, ५० ग्रॅम मऊ लोणी, चमचाभर गोडी लाल पाप्रिका, चिमूटभर शहाजिऱ्याच्या जातीचे क्युमेल दाणे आणि घोटभर बिअर. चीज आणि लोणी खोलीच्या तापमानाला आलं की काट्याने कुस्करायचं. मिक्सर लावला तर पातळ चिकट होतं. बारीक चिरलेला कांदा खायच्या वेळीच वर घालायचा, आधी मिसळला तर काही तासांत कडवट होतो. सोबत पांढरा मुळा: पातळ चकत्या करून मीठ लावायचं, दहा मिनिटांत पाणी सुटून तिखटपणा उतरतो.

तुम्ही याल तेव्हा श्पार्गेल ऐन भरात असेल. ही आपल्या शतावरीच्या कुळातली भाजी, मातीच्या वरंब्याखाली ऊन न लागू देता वाढवलेली, म्हणून पांढरी. २४ जूनला काढणी थांबते, कारण पुढच्या वर्षासाठी झाडाला पाला फुटून जोर धरू द्यावा लागतो. म्युनिकमध्ये श्रोबेनहाउझनचा माल येतो. दोन काड्या एकमेकींवर घासल्या की कचकच आवाज यावा आणि कापलेलं टोक ओलं असावं, नाहीतर घेऊ नको. जेवण म्हणून माणशी अर्धा किलो धर. काडी हातावर आडवी ठेवून शेंड्याच्या दोन बोटं खालून बुडापर्यंत सोलायची, हवेत धरली तर मोडते. बुडाचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर तुकडा कापायचा. सोलण्यात कंजुषी केलीस तर दोरे दातांत अडकतात, नवख्यांचं इथेच बिघडतं. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ, अर्धा चमचा साखर आणि थोडं लोणी घालून मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं. काट्याने मधोमध उचलल्यावर काडी किंचित वाकली की झालं. साली फेकू नको. पाव तास उकळून गाळल्या की सुपाचं पाणी तयार, पण त्याहून जास्त उकळल्या तर कडू होतात. सोबत नवे बटाटे आणि वितळलेलं लोणी, बास. बटाट्याच्या पिशवीवर हिरवी खूण असेल तर तो न फुटणारा, निळी असेल तर भुसभुशीत. हॉटेलात श्पार्गेल मागवलास तर हॅमशिवाय असं आवर्जून सांग.

श्रीखंडाची चिंता नको. क्वार्क नावाचा चक्क्याचा भाऊबंद प्रत्येक दुकानात अर्ध्या किलोच्या डब्यात मिळतो. डब्यावर ४० टक्के लिहिलेला घ्यायचा. बिनसायीचा घेतलास तर श्रीखंड कोरडं आणि रवाळ होतं. क्वार्कमध्ये अजून पाणी असतं, म्हणून फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीवर ठेव. मग अर्ध्या किलोच्या डब्याला २०० ग्रॅमच्या आसपास साखर, केशर, वेलदोडा, आणि तासाभराने पुन्हा एकदा घोट. आंबटपणा आपल्या चक्क्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे साखर आधी कमीच घाल.

स्वयंपाकावरून आठवलं. घराघरांत धुराचे अलार्म सक्तीचे आहेत, तेव्हा फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी सताड उघडी. खिडकीची मूठ खाली म्हणजे बंद, आडवी म्हणजे पूर्ण उघडणार, वर म्हणजे फक्त वरून कलणार. मूठ फिरवताना झडप चौकटीला दाबून धर. उघड्या खिडकीची मूठ फिरवलीस तर झडप एका बिजागरीवर लोंबकळते आणि पाहणाऱ्याची पाचावर धारण बसते. तुटलेली नसते ती, वरचा कोपरा चौकटीत दाबून मूठ परत आडवी करायची. एसी बहुतेक घरांत नसतो, म्हणून जुलैत पहाटे आणि रात्री खिडक्या उघडायच्या, दिवसा बाहेरचे पडदे खाली.

आता तळी. त्यासाठी आधी डॉइचलांडटिकेट काढ, महिन्याला ६३ युरो. त्यावर देशभरातल्या लोकल, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्या चालतात, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या चालत नाहीत. हे तिकीट म्हणजे आपोआप पुढे चालू राहणारी वर्गणी आहे. ज्या महिन्याअखेर थांबवायचं त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं. ऑगस्टच्या घाईत हे हमखास राहून जातं, आत्ताच फोनमध्ये आठवण लावून ठेव. टेगर्नसे या तळ्याला जाणारी गाडी वाटेत होल्त्सकिर्शन आणि शाफ्टलाखला तुटून वेगवेगळ्या दिशांना जाते. डब्याच्या पाटीवर टेगर्नसे लिहिलंय का ते पाहूनच बस, गाडी एकच असली तरी डबा चुकला की तू लेंगरीसला पोहोचशील.

रानावनात फिरणं, नदी-तळ्यांत होडी घालणं आणि रानची फळं बेताने तोडणं हा बव्हेरियाच्या १९४६ च्या राज्यघटनेत लिहून दिलेला हक्क आहे, कलम १४१. जुलैत रानात ब्लूबेरी मिळतात, घरी आणून धुतल्याशिवाय खाऊ नका. तळ्याचं पाणी जुलैत विशीच्या वर जातं, मेमध्ये मात्र हाडं गारठतात. काठावर गोटे असतात, रबरी चपला लागतात. कपडे लोक टॉवेल गुंडाळून उघड्यावरच बदलतात. शहरातल्या इंग्लिश गार्डनमध्ये एका कुरणावर कपडे न घालता ऊन खाण्याची रीतसर परवानगी आहे. तिथून जाताना टक लावायची नाही, फोन खिशात. वहिनींना आधी कल्पना दे, म्हणजे घोटाळा नको.

येताना जाड खादीचं फडकं, घट्ट झाकणाचे दोन स्टीलचे डबे, पोहण्याचे कपडे आणि तो स्वेटर बॅगेत टाक. भाजणी दोन किलो आण, एक किलो माझी.

तुझा,
विनय

ता. क. वहिनींना श्पागेटी-आइस खायला घाल. १९६९ साली मानहाइमच्या दारिओ फोंतानेला याने काढलेला प्रकार, सोऱ्यासारख्या दाबयंत्रातून काढलेलं व्हॅनिला आइस्क्रीम, खाली फेटलेली साय, वर स्ट्रॉबेरीचा रस. ताटली येताच खायची, पाच मिनिटांत त्याच्या शेवया उरत नाहीत.